शेवरकोंडात कौल मागाहून लावतात

दाराच्या उजव्या अंगाला खुंटी आणि खुंटीला गाठोडं. शेवरकोंडात कुठल्याही घरात शिरा, मृग लागल्यापासून घट बसेपर्यंत हे दिसणारच. तुम्ही तालुक्याहून आलात, हातात ती रंगीत पत्रकं आहेत, पावसाळ्यात घराची तयारी कशी ठेवावी म्हणून. आणि मघापासून एकमेकांना खुणा करताय, की या आडगावात हे आधीच कसं काय? बसा, सांगते. चपला राहू देत पायात. या देवळाच्या पडवीत आषाढात कुणी चपला काढत नाही, त्यालाही कारण आहे.

मला अनशी म्हणतात. पंचेचाळीस पावसाळे झोलाईच्या देवळाची झाडलोट करतेय. ते गाठोडं उतरवून बघा खुशाल, कुणी ओरडणार नाही. सुके पोहे, मिठाची पुडी, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, एक कोरडं लुगडं, ज्याच्या त्याच्या गोळ्या, रेशनकार्ड आणि हल्ली विजेरी. सगळ्यात खाली हात घाला. लागलं? ते दुपटं. घरात तान्हं पोर असो नसो, ऐंशी वर्षांचा एकटा म्हातारा राहत असो, त्याच्याही गाठोड्यात तळाला दुपटं असतंच. तुमचं पत्रक मी नातसुनेकडून वाचून घेतलं. सगळं आहे त्यात, पण दुपटं नाही. ते कुणाचं, तेवढंच मला सांगायचं आहे.

धाकू गुरव म्हणून एक होता असं सांगतात. किती वर्षांमागं ते विचारू नका. माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, तिला आणखी कुणी. तेव्हा गाव इथं नव्हतं. हा खाली पऱ्या वाहतो ना, त्याच्या पलीकडं, समोरच्या डोंगराच्या अगदी पायाशी घरं होती. त्या डोंगराला नाव आहे, पण आम्ही घेत नाही. थोरला म्हणतो. घरं पलीकडं, देऊळ अलीकडं या कातळावर, आणि मध्ये ये-जा करायला लाकडी साकव.

धाकूचं घर सगळ्यांत वरचं, थोरल्याला पाठ लावून. बायको लवकर गेली. मागं एक लेक, येसू. तिला त्यानं एकट्यानं वाढवलं. देवीसाठी फुलं ओवायला बसला की त्याच दोऱ्यात लेकीसाठीही चार ओवायचा. वेणी घालायला शिकला, पोरीच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढायचा. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, गुरव की गुरवीण म्हणून. हा आपला मान खाली घालून फणी फिरवायचा. स्वभावानं गरीब, आणि देवीच्या बाबतीत मात्र अगदी काटेकोर. भला माणूस होता हो मेला, तिथंच तर सगळं घोडं अडलं.

आता तेव्हाची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. लावणी उरकली की आषाढात गाव बांधायचे. गुरव शिवेवर सात ठिकाणी नारळ ठेवायचा आणि कच्च्या सुताचा धागा सगळ्या गावाभोवती फिरवायचा. रोगराई, इडापिडा आत येऊ नये म्हणून. धागा बांधला की तीन दिवस गावात चूल पेटवायची नाही, आधी करून ठेवलेल्या भाकऱ्या खायच्या, आणि शीव ओलांडायची नाही. माणसानं नाही, गुरानंही नाही. एकानं जरी ओलांडली तर झोलाई सगळ्या गावावरचा हात काढून घेते, असा समज. म्हणजे कुणाला वाटलं म्हणून तो उठून चालू लागला, असं नव्हतंच. एकाचं पाऊल चुकलं की भोगायचं सगळ्यांनी. तीन दिवसांच्या आत धागा तोडायचा तर देवीचा कौल हवा. आणि कौल लावणार कोण? धाकू.

त्या वर्षी येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आषाढाच्या धारेत तिला मुलगी झाली. धाकूचं सोयर तीन दिवसांत फिटलं आणि तो पूजेला लागला, पण बाळंतिणीचा विटाळ बाराव्यापर्यंत. तिच्या खोलीतली शेगडी तेवढी गाव बांधलेलं असताना पेटती ठेवायला मुभा. ओल्याचिंब आषाढात बाळंतिणीला शेक नको का? मात्र त्या विस्तवाला देवाच्या कामात जागा नाही. धाकूनं नातीसाठी नाव मनात धरून ठेवलं होतं म्हणे. कुणाला सांगितलं नव्हतं. बारशालाच सांगणार होता, तीन दिवस उरले होते.

गाव बांधल्याचा तो दुसरा दिवस. पाऊस आठवडाभर खंड न देता कोसळत होता. सकाळी धाकू देवीच्या स्नानाचं पाणी आणायला घरामागच्या झरीवर गेला. आदल्या दिवशी झरीचं पाणी तांबडं आलं होतं, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. आज कळशी लावली तर पाणीच नाही. चैत्रात न आटणारी झरी भर आषाढात गप्प. त्यानं दगडाच्या खोबणीत कोपरापर्यंत हात घातला. आत नुसती गार ओल. वर पाऊस असा की डोळे उघडे ठेवता येत नव्हते, आणि झरीला थेंब नाही. मग एवढं पाणी चाललंय कुठं? धाकूनं मान वर करून थोरल्याकडं बघितलं. डोंगर सगळं पाणी पोटात साठवत होता.

रिकामी कळशी घेऊन तो घरात आला तर येसू दाराशी उभी.

"बाबा, ह्या खोलीचं दार लागत नाय बघ. काल रात्रीपर्यंत नीट लागत होतं."

धाकूनं दार ढकललं. चौकट एका अंगाला कलली होती. पावसानं लाकूड फुगलं असेल, असं तो म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःलाच पटलं नाही. येसू बापाच्या हाताखाली वाढलेली, तिला त्याचं तोंड वाचता येत होतं. तिनं रिकामी कळशी बघितली. आत गेली आणि खुंटीवरचं गाठोडं दाखवलं.

"पहाटेच बांधून ठेवलंय. पोरीचे कपडे, ओवा, मीठ, चकमक, सगळं घेतलंय. वर सड्यावर गुराख्यांची खोप आहे ना, तिथवर मी चालीन. तू सांगशील तेव्हा निघते."

सडा म्हणजे हा देवळामागं वर चढत जातो तो उघडा कातळ. तिथं माती नाही, झाड नाही, घसरून येण्यासारखं काहीच नाही. पण सडा शिवेच्या बाहेर. धाग्याच्या पलीकडं.

नऊ दिवसांची बाळंतीण ती, पण तिची तयारी झाली होती हो. पायात वहाणासुद्धा घातल्या होत्या म्हणे. धाकूनं नातीच्या टाळूवर हात ठेवला.

"झोलाई आईला विचारून येतो. मी येईस्तोवर जागची हलू नको," असं तो म्हणाला.

बस. एवढंच म्हणाला. हे वाक्य शेवरकोंडात आजपावेतो कुणी बाप आपल्या लेकराला म्हणत नाही. खेळातसुद्धा नाही. म्हणून बघा कुणासमोर, म्हातारी माणसं अंगावर धावून येतील.

धाकू साकव ओलांडून देवळात आला. घराघरातला एकेक कर्ता पुरुष कौलाला बोलावून घेतला, कारण कौल सगळ्यांसमोर लागतो. सगळे भिजत आले. कुणाच्या गोठ्याची भिंत फुगली होती, कुणाच्या परड्यातला फणस आडवा कलला होता. सगळ्यांना कळत होतं आणि सगळे देवीकडं बघत होते. गावकर होता राणोजी, मानाचा माणूस. तो म्हणाला, "धाकू, लाव कौल. आईनं तोंड उघडल्याबिगर शीव कोण ओलांडणार?" आता राणोजीला शिव्या घालाल. घालू नका. त्याच्याही घरात पाच नातवंडं बसली होती पलीकडं, डोंगराखाली.

कौल कसा लावतात ठाऊक आहे? तगरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धाकूनं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, झरी आटली, डोंगर काय तरी ठरवून बसलाय. धागा तोडून लेकरांना सड्यावर न्यावं म्हणतो. मुभा आहे ना?"

पाकळी पडेना. उजवी नाही, डावीही नाही.

पडणार कशी? पाकळी सुकली तर पडते. हवेत नुसतं पाणी भरलेलं, देवीच्या काळ्या दगडालाच घाम फुटलेला. पाकळ्या दगडाला अशा चिकटल्या की जशा काय तिथंच उगवल्यात. घटका गेली. दोन घटका गेल्या. धाकूनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. राणोजीनं घातलं. म्हाताऱ्यांनी देवीसमोर नाक घासलं. चूकभूल असेल तर पदरात घे म्हणाले. मागच्या वर्षीचा नवस राहिला असेल तर दुप्पट फेडू म्हणाले. झोलाई आपली गप्प. नाही म्हणेना आणि हो म्हणेना.

तेवढ्यात दाराशी बसलेला एकजण म्हणाला, पऱ्याचं पाणी उतरलं. सगळे बघायला उठले. खरंच. वर आभाळ फाटलंय आणि पऱ्या गुडघ्याएवढा. म्हणजे वर कुठंतरी डोंगरानं वाट अडवली होती. एकमेकांच्या तोंडाकडं बघून पुन्हा आत येऊन बसले.

तुम्ही मनात म्हणताय ना, की गुरवानं हळूच फुंकर मारावी आणि उजवी पाकळी पाडावी? बघणाऱ्याला कळणारही नाही. अहो, मारता येते! मारलेल्याही आहेत कुणीकुणी, सगळेच काही धाकू नव्हते. त्या दिवशी धाकूच्या ओठापर्यंत ती फुंकर आली होती म्हणतात. देवीच्या खांद्यापासून वीतभरावर त्याचं तोंड होतं. त्यानं श्वास आत घेतला, आणि तसाच धरून ठेवला. आईचं उत्तर आपण द्यायचं? मग आई हवीच कशाला? असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यानं श्वास नाकानं हळू सोडून दिला. पाकळी हलली नाही. मला राग येतो त्याचा. इतकी वर्षं सांगतेय, तरी इथं आले की दर वेळी येतो.

मग त्याला बापाचं शिकवणं आठवलं. फार ओल असली तर देवीच्या पाठीशी निखाऱ्यांचं मडकं ठेवावं. दगड तापतो, पाकळी सुकते, कौल मिळतो. त्यात खोटं काही नाही. पण निखारे आणणार कुठून? गाव बांधलेलं. घरोघरी चुली थंड. गावात विस्तव एकाच ठिकाणी होता, येसूच्या शेगडीत. तो विटाळाचा.

धाकू उठला. कुठं चाललास म्हणून राणोजीनं विचारलं तर आलोच म्हणाला. साकव ओलांडला आणि धापा टाकत चढ चढला. आयुष्यभर ज्याच्या हातून विटाळाचं बोट देवीला लागलं नाही, तो बाळंतिणीच्या खोलीत मडकं घेऊन उभा राहिला.

येसू जागची हलली नव्हती. गाठोडं मांडीवर, पोर छातीशी, पायांत वहाणा. बाप आला म्हणताच ती उठून उभी राहिली.

"दिला कौल? निघू?"

"अजून नाय. ओलीमुळं पाकळी पडत नाय. शेगडीतले निखारे दे."

तिनं एका शब्दानं विचारलं नाही की हे निखारे देवीला चालतात का. चिमट्यानं एकेक निखारा उचलून मडक्यात घातला. उरलेल्या राखेवर हात धरून बघितला, ऊब होती थोडी. मग म्हणाली, "बाबा, एवढा आलायस तर बरोबरच नेतोस का आम्हाला? देवळापर्यंत तरी? देऊळ तर शिवेच्या आतच आहे."

खरं होतं की नाही? देऊळ शिवेच्या आत. देवळापर्यंत यायला कुणाचा कौल नको होता. पण बाळंतीण ती. दहा दिवस झाले नाहीत, देवळाच्या आवारात तिचं पाऊल कसं पडणार? धाकूच्या एका हातात तिचा विस्तव होता. तो देवळात न्यायला तो तयार झाला होता. तिला न्यायला त्याचं मन धजावेना. माणसाची बुद्धी कुठं येऊन अडते बघा.

"आत्ता येतो. पाकळी पडली की पळत येतो न्यायला. दार ओढून घेतो, पोर गारठेल," म्हणाला.

दार लागत नव्हतं. धाकूनं मडकं खाली ठेवलं, खांदा लावला आणि दोन धक्क्यांत ते चौकटीत घट्ट बसवलं.

देवळात आला तेव्हा निखाऱ्यांवर राख धरली होती. कुठून आणलेस, कुणी विचारलं नाही. गावात विस्तव कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. राणोजीनं तेवढी मान फिरवली. धाकूनं गाभाऱ्यात जाऊन मडकं ठेवलं. पाठीशी नाही, देवीच्या उजव्या खांद्याखाली ठेवलं. काहीजण म्हणतात पाठीशीच ठेवलं होतं. मला विचाराल तर उजव्या अंगालाच, आणि जाणूनबुजून. फुंकर मारायला जो सकाळी धजला नाही, त्यानं भरदुपारी तेच केलं, फक्त अर्ध्या दिवसानं. पलीकडं लेक वाट बघत बसली होती ना त्याची.

निखाऱ्यांवर त्यानं ओणवं होऊन वारा घातला. दगडाचा घाम वाळला. उजव्या पाकळीची कड उचलली, थरथरली आणि ती सुटून देवीच्या पायाशी पडली.

"दिला! उजवा दिला!" धाकू असा ओरडला की बाहेर ढोल धरून बसलेल्यानं आपोआप टिपरू मारलं. माणसं उठली आणि दाराकडं धावली. कौल मिळाला होता. आईनं हो म्हटलं होतं. पुढचे चौघे साकवाच्या तोंडाशी पोचले होते, आणि धाकू त्यांच्या मागं, धोतर वर खोचून, येसूला हाक मारत.

तेव्हा थोरला सुटला.

आवाजाचं वर्णन मी करणार नाही. मला माझ्या सासूनं केलं नाही. एवढंच सांगतात की आधी वरची झाडं उभीच्या उभी चालत खाली आली, आडवी पडली नाहीत. मग घरं दिसायची बंद झाली. सगळ्यांत वरचं घर सगळ्यांत आधी. पुढं धावलेल्या चौघांना साकवासकट पऱ्यानं नेलं. धाकू काठावर उभा राहिला, हात पुढं करून. किती वेळ लागला असेल? तुम्ही एक पान लावून तोंडात टाकाल, तेवढा.

मग पाऊस होताच. तो काही थांबला नाही.

वाचले कोण? ते चौघे सोडून कौलाला आलेले. प्रत्येक घरातला एकेक माणूस. ज्याच्यासाठी कौल मागायला आले होते, ते सगळं पलीकडं राहिलं. खालच्या आळीतली चार-पाच घरं तेवढी कडेला उरली, त्यातली माणसं चिखलातून बाहेर आली. राणोजीची पाच नातवंडं आली नाहीत. हातांनी उकरलं, फावड्यांनी उकरलं. पावसानं उकरलेलं पुन्हा भरत होतं. चौथ्या दिवशी लोक थांबले. येसूचं घर कुठं होतं हेच सांगता येईना, तर उकरायचं कुठं?

शिवेचा धागा कुणी तोडला माहिती आहे? थोरल्यानंच. दरड पऱ्यापर्यंत आली तेव्हा सात नारळांतले तीन आणि अर्धा धागा तिच्या पोटात गेला. ज्या शिवेबाहेर माणसानं पाऊल टाकलं नाही, ती डोंगरानं मधोमध ओलांडली. कुणाचा कौल न घेता.

धाकू पडवीत बसून राहिला. हा खांब आहे ना, ह्याला टेकून. पूजा करायचा, फुलं वाहायचा, बोलायचा नाही. फुलं ओवायला बसला की देवीसाठी ओवून झाल्यावर हात थांबायचा नाही, आणखी चार ओवायचा. मग ती चार हातात घेऊन बसायचा. लोकांनी समजूत काढली, देवीची मर्जी म्हणाले. तेव्हा तो एकदाच बोलला असं सांगतात. म्हणाला, "देवीनं कुठं नाय म्हटलं? ती तर हो म्हणाली. सकाळपासून हो म्हणत असेल, मला ऐकायला पाकळी पाहिजे होती."



वर्ष फिरलं, आषाढ आला. उरलेली माणसं पऱ्याच्या अलीकडं झोपड्या बांधून राहिली होती. तुम्ही विचाराल, गावच सोडून का गेली नाहीत? जाणार कुठं? शेतं इथं, गुरं इथं, पुरलेली माणसं इथं. आणि अलीकडं आले म्हणजे डोंगर चुकला असं कुठं आहे? मागं वळून बघा. सड्याच्या डाव्या अंगाला, घरांच्या पाठीशी दुसरा डोंगर उभा आहे ना, तो धाकटा. मागच्या उन्हाळ्यात त्याच्यावर भेग दिसली, तुमचीच माणसं टेप लावून मोजून गेली. मोजल्यानं ती बुजली नाही हो.

तर लोक धाकूकडं आले. गाव बांधायचं कसं, विचारायला लागले. मोकळं ठेवायचीही भीती, बांधायचीही भीती.  धाकू उठला आणि आपल्या झोपडीतून एक गाठोडं घेऊन आला. येसूचं नव्हे, ते कुठलं मिळायला. त्यानं स्वतः बांधलेलं. आठवून आठवून, तिनं सांगितलं होतं तेच सगळं घातलेलं. ओवा, मीठ, चकमक आणि तळाला एक दुपटं. ते त्यानं देवळाच्या दाराच्या उजव्या अंगाला खुंटीवर टांगलं.

आणि म्हणाला, "माझ्या लेकीची तयारी होती. तिला कमी पडलं ते फक्त माझ्या तोंडचं एक 'नीघ'. आता ह्या गावात कुणी कुणाला 'नीघ' म्हणायची वाट बघायची नाय. झरी गढूळ झाली, दार लागेनासं झालं, पऱ्या उगाच उतरला, की गाठोडं काढायचं आणि सड्यावर जायचं. आधी निघायचं. विचारायचं ते परत आल्यावर. आईचा कोप झालाच तर गुरवावर होईल, तसं मी गाऱ्हाणं घालून ठेवलंय."

धागा त्यानं त्या वर्षी बांधला, पण सड्याच्या बाजूनं चार हात मोकळा सोडला. तिथून बाळंतीण जावी, विटाळशी जावी, गुरंढोरं जावीत, कुणाला आडकाठी नाही. म्हणे त्यानंतर धाकू फार दिवस जगला नाही.

आजही आषाढात धागा बांधला की दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजतो. पाऊस असो की ऊन. ताटावर बसलेला ताटावरून उठतो. दारं उघडी टाकायची, ओढून घ्यायची नाहीत. पडवीत चपला का काढत नाही ते आता कळलं असेल. सगळं गाव गाठोडी घेऊन त्या चार हातांच्या वाटेनं सड्यावर जातं. गावात कुणी बाळंतीण असली तर ती सगळ्यांत पुढं, आणि तिच्या शेगडीतला विस्तव मडक्यात घेऊन गुरव तिच्या मागं. वर गेल्यावर गुरव एकेका घरातल्या माणसांची नावं पुकारतो, ज्याची त्यानं ओ द्यायची. सगळ्यांत शेवटी तो म्हणतो, "येसूची पोर." धाकूनं मनात धरलेलं नाव त्याच्याबरोबर गेलं, दुसरं काय म्हणणार? तेव्हा सगळ्या गावानं एकदम ओ द्यायची. मला गेली काही वर्षं ती देता येत नाही, मी नुसता हात वर करते.

यानं धाकटा थांबेल, असं मी म्हणत नाही. तो सुटायचा तेव्हा सुटेल. पोह्यांच्या पुडीनं आणि विजेरीनं डोंगर अडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आम्हालाही. ढोल वाजेल तेव्हा आम्ही जेवत असू की झोपलेले असू, पोरं शाळेच्या वाटेवर असतील की पऱ्यात, कुणी सांगावं? आमच्या हातात गाठोडं आहे, एवढंच. पत्रकं ठेवून जा. कागद जाड आहे, गाठोड्यात मीठ बांधायला होईल.

आणि सांजेला सगळे खाली उतरले की या देवळात येतात. गुरव दोन पाकळ्या भिजवतो, एक उजव्या खांद्याला लावतो, एक डाव्या. गाऱ्हाणं घालतो, "आई, तुला न विचारता शीव ओलांडली. चुकलं का?" एवढं बोलून तो पाठ फिरवतो आणि सगळं गाव त्याच्यासोबत घरी जातं. पाकळी कुठली पडली ते बघायला कुणी थांबत नाही. सकाळी झाडायला मी येते, तेव्हा दोन्ही खाली पडलेल्या असतात.